नाताळ : इतिहास आणि श्रद्धा

डिसेंबरचा महिना उतरणीस लागला, म्हणजे दुकानांच्या दर्शनी भागांत कागदी चांदण्या लटकू लागतात, बेकऱ्यांतून केकचा वास दरवळतो, शाळांना सुट्टी लागते, आणि 'नाताळ आला' असे जो तो म्हणू लागतो. 'नाताळ' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की तो परक्या भाषेतून आला याची जाणीवही सहसा कोणास होत नाही. वस्तुतः तो पोर्तुगीजांबरोबर कोकणच्या किनाऱ्यावर उतरला. त्यांच्या भाषेत ह्या सणाचे नाव 'नाताल', आणि त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'नातालिस' ह्या शब्दात आहे. त्याचा अर्थ 'जन्मासंबंधीचा' असा साधा आहे. इ. स. १४९७ मध्ये हिंदुस्थानचा मार्ग शोधीत निघालेल्या वास्को द गामाला आफ्रिकेचा एक किनारा ह्या सणाच्या दिवसांत दिसला, म्हणून त्याने त्या किनाऱ्यास हेच नाव दिले. गांधीजींच्या चरित्रामुळे जे 'नाताळ' मराठी घरोघरी ठाऊक झाले, ते हेच.

नाताळ म्हणजे जन्म, एवढे कळले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. येशू ख्रिस्ताचा जन्म २५ डिसेंबर ह्या तारखेस झाला याला आधार कोणता? ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की शुभवर्तमानांत तसा आधार मुळीच नाही; आणि ही गोष्ट कॅथलिक धर्मपंडित लपवून ठेवीत नाहीत. मग ज्या दिवसाची तारीखच ग्रंथात नाही, तो दिवस जगातील कोट्यवधी कॅथलिक इतक्या निष्ठेने का पाळतात? ह्या सणाचा इतिहास आणि त्यामागील श्रद्धा यांचा परस्परसंबंध ह्या एका प्रश्नात साठविलेला आहे.

प्रथम मूळ वृत्तांत पाहावा. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांनी येशूच्या बालपणाची हकीकत दिलेली नाही. ती मत्तय आणि लूक या दोघांनी दिली आहे, आणि दोघांच्या कथनाचा रोख वेगवेगळा आहे. लूकच्या वृत्तांतात रोमन सम्राट ऑगस्टस याने शिरगणतीचा हुकूम काढला आहे. त्या हुकमामुळे नाझरेथचा सुतार योसेफ आपल्या गरोदर वाग्दत्त वधूस, म्हणजे मरियेस, घेऊन आपल्या पूर्वजांच्या बेथलेहेम गावी जातो. उतारशाळेत त्यांना जागा मिळत नाही. मरियेचे दिवस भरतात, आणि जन्मलेले मूल ती बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणीत ठेवते. ही वार्ता प्रथम कळते ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. मत्तयाच्या वृत्तांतात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या अनुरोधाने येतात, सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. आणि संशयाने पेटलेला हेरोद राजा बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतील सर्व मुलगे मारावयास सांगतो, म्हणून योसेफ रातोरात आई व मुलाला घेऊन मिसर देशाचा रस्ता धरतो.

चित्रांतून आणि नाटकांतून ही कथा पाहिलेल्या माणसास ह्या मूळ वृत्तांतात काही गोष्टी नसल्याचे पाहून आश्चर्य वाटते. ज्ञानी पुरुष तीन होते असे मत्तय सांगत नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा पुढच्या लोकांनी तर्क केला. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव हेही शुभवर्तमानात नाहीत. बैल आपल्या धन्यास ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते, अशा अर्थाचे यशया संदेष्ट्याचे जे वचन जुन्या करारात आहे, त्याच्या द्वारे ती दोन मुकी जनावरे ह्या प्रसंगात येऊन उभी राहिली, ती कायमची.

वर्षाच्या बाबतीतही अशीच गंमत आहे. इ. स. ५२५ मध्ये रोम येथे डायोनिसियस एक्सिगुअस नावाच्या संन्याशाने ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत घातली, आणि आज जगातील बहुतेक व्यवहार तिच्यावर चालतात. परंतु त्याच्या हिशेबात थोडी चूक राहिली. हेरोद राजा बहुतेक विद्वानांच्या मते इसवी सनापूर्वी ४ ह्या वर्षी वारला. त्याच्या हयातीत येशू जन्मला असेल, तर तो इसवी सनाच्या आरंभापूर्वी निदान चार वर्षे जन्मला, असे म्हणावे लागते. म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने चालणारा शक ख्रिस्ताच्या जन्मवर्षी सुरू होत नाही!

ह्या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती लोकांना तिथी टिपून ठेवण्याची निकड वाटली नव्हती. त्यांचा एकच थोर उत्सव होता, तो म्हणजे पुनरुत्थानाचा. धर्मासाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षींचे स्मरणदिन ते पाळीत. पण ज्या दिवशी तो मनुष्य मारला गेला त्या दिवसालाच ते त्याचा 'जन्मदिवस' म्हणत, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला अशी त्यांची समजूत होती. वाढदिवस साजरे करणे ही राजेरजवाड्यांची रीत आहे, असे तिसऱ्या शतकातील ओरिजेन या पंडितास वाटत होते. बायबलात वाढदिवस साजरा केला तो फारो आणि हेरोद यांनी, हे त्याने मुद्दाम दाखवून दिले आहे.

२५ डिसेंबर ही तारीख प्रथम आढळते ती रोममधील इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातील रक्तसाक्षींच्या यादीच्या आरंभी ख्रिस्ताचा जन्म ह्या तारखेस बेथलेहेमात झाला अशी नोंद आहे, आणि ती यादी इ. स. ३३६ च्या सुमाराची असावी असे अभ्यासक मानतात. ही तारीख कशी ठरली याविषयी दोन मते आहेत. पहिले मत असे, की त्या दिवशी रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चा उत्सव होत असे. सम्राट ऑरेलियन याने इ. स. २७४ मध्ये सूर्यदेवतेस राजमान्यता देऊन तिचे मंदिर उभारले होते. तेव्हा हिवाळ्यातील दिवस वाढू लागण्याच्या ह्या पर्वास ख्रिस्ती लोकांनी नवा अर्थ दिला. दुसरे मत असे, की येशूचा मृत्यू २५ मार्च रोजी झाला असे पाश्चात्त्य ख्रिस्ती लोक फार पूर्वीपासून मानीत, आणि त्याच तारखेस तो मातेच्या उदरात आला अशीही समजूत होती. तिच्यात नऊ महिने मिळविले की २५ डिसेंबर येतो. संत ऑगस्टीन याने हा हिशेब नमूद केला आहे. दोन्ही मतांना आजही पुरस्कर्ते आहेत. सूर्योत्सवाच्या मतात एक अडचण अशी, की त्या उत्सवाचा २५ डिसेंबरचा सर्वांत जुना लेखी दाखला मिळतो तोही इ. स. ३५४ च्या त्याच संग्रहात. तेव्हा कोणी कोणापासून घेतले हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

सूर्याची आठवण मात्र लोकांच्या मनातून लवकर गेली नाही. पाचव्या शतकात पोप थोर लिओ याने नाताळच्या एका प्रवचनात आपल्याच लोकांची कानउघाडणी केली आहे. संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून आल्यावर ही मंडळी आत जाण्यापूर्वी मागे वळून उगवत्या सूर्यास नमस्कार करीत! जो सूर्याचा कर्ता त्याच्या दाराशी येऊन सूर्यापुढे वाकावयाचे, हे लिओला रुचले नाही. परंतु ह्या लहानशा प्रसंगावरून जुने संस्कार आणि नवी श्रद्धा एका मनात कशा शेजारीशेजारी नांदतात हे चांगले दिसते, आणि ते केवळ रोमपुरतेच खरे नाही.

तारखेपेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की हा सण चौथ्या शतकातच का फोफावला? त्याचे कारण त्या काळच्या वादात आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने असे प्रतिपादले, की येशू कितीही श्रेष्ठ असला तरी तो परमेश्वराने निर्माण केलेला आहे, तो स्वतः परमेश्वर नव्हे. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे मत अमान्य केले. याच्या उलट टोकाचे मत त्याहून जुने होते. परमेश्वराने मनुष्यदेह घेतल्याचा केवळ भास झाला, खरे दुःख आणि खरा मृत्यू त्याला शिवला नाही, असे ते मत होते. ह्या दोन्ही मतांना नाताळने एकाच प्रसंगाने उत्तर दिले. गव्हाणीत निजलेले मूल खरोखर थंडीने कुडकुडते, खरोखर आईच्या दुधावर वाढते. आणि तेच देव आहे. हाच सिद्धांत इ. स. ४५१ च्या काल्सेडॉन परिषदेत 'खरा देव आणि खरा मनुष्य' अशा शब्दांत पक्का झाला, आणि त्या परिषदेपुढे वाचले गेलेले महत्त्वाचे पत्र वर सांगितलेल्या लिओचेच होते.

मराठी वाचकास येथे 'अवतार' हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे. तथापि मराठी ख्रिस्ती लेखनात ह्या तत्त्वास 'देहधारण' असा वेगळा शब्द रूढ आहे, आणि तो वेगळा ठेवण्यास कारणही आहे. अवतार युगायुगांत होतात आणि कार्य संपले की अवताराची समाप्ती होते. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ही गोष्ट इतिहासात एकदाच घडली, आणि घेतलेला मनुष्यपणा परमेश्वराने पुन्हा टाकून दिला नाही. म्हणूनच लूक आपल्या कथेच्या आरंभी सम्राटाचे नाव आणि शिरगणतीचा हुकूम सांगतो. ही कथा कोणे एके काळी घडलेली नव्हे. ती ऑगस्टसाच्या राज्यात, करवसुली करणाऱ्या कारकुनांच्या जगात घडली, असे त्याला म्हणावयाचे आहे. तेव्हा तारीख माणसांनी ठरविली हे कबूल करावयास कॅथलिक श्रद्धेस संकोच वाटत नाही. घटना माणसांनी ठरविली असे म्हणणे मात्र तिला मान्य नाही.

उपासनेत ही श्रद्धा कशी उतरली आहे हे पाहण्यासारखे आहे. नाताळपूर्वी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्या काळात वेदीवरील वस्त्रे जांभळी असतात आणि मंदिरातील शोभा मर्यादित ठेवतात. नाताळच्या दिवशी तीन मिस्सा होतात : एक मध्यरात्री, एक पहाटे आणि एक दिवसा. ही प्रथा रोममध्ये थोर ग्रेगरी याच्या काळापासून, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. एरवी श्रद्धेचा अंगीकार म्हणताना 'तो मनुष्य झाला' ह्या शब्दांपाशी उपासक मस्तक लववितात. नाताळच्या दिवशी मात्र ते सर्व त्या शब्दांपाशी गुडघे टेकतात. ह्याच ग्रेगरीने आपल्या प्रवचनात दाखविले आहे, की बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो. जनावरांच्या खाण्याच्या जागी ठेवलेले मूल पुढे मिस्सामध्ये भाकरीच्या रूपाने माणसांचे अन्न होते, हा संबंध कॅथलिक मनात फार खोलवर रुजलेला आहे.

आणि ह्या सणाच्या पाठोपाठ काय येते? २६ डिसेंबर हा स्तेफन या पहिल्या रक्तसाक्षीचा दिवस. लोकांनी त्यास दगडांनी ठेचून मारले. २८ डिसेंबर हा हेरोदाने मारविलेल्या निरपराध बालकांचा स्मरणदिन. गाण्यांचे सूर विरले नाहीत तोच आयांचा आक्रोश ऐकावयास लावणारी ही योजना एखाद्यास कठोर वाटेल. पण ज्यांनी हे पंचांग घडविले, त्यांना पाळण्याच्या शेजारी तलवार आहे हे विसरू द्यावयाचे नव्हते.

हा सारा अर्थ लॅटिनमध्ये होता, आणि सामान्य शेतकऱ्यास लॅटिन कळत नव्हते. तो त्याच्या डोळ्यांसमोर उभा केला असिसीच्या संत फ्रान्सिसने. इ. स. १२२३ च्या नाताळात इटलीतील रिएती खोऱ्यात ग्रेच्चो ह्या डोंगराळ गावी त्याने आपल्या जोवान्नी नावाच्या स्नेह्याकडून एक गव्हाण, गवत, बैल आणि गाढव अशी सामग्री आणविली. बेथलेहेमच्या बालकास कोणत्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती. रात्री आसपासचे स्त्रीपुरुष मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीवरच मिस्सा झाली, आणि फ्रान्सिसने स्वतः शुभवर्तमान गाऊन दाखविले. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस हा प्रसंग सांगताना कोठेही मूर्तीचा उल्लेख करीत नाही. गव्हाण रिकामीच होती. उपस्थितांपैकी एका सत्शील माणसास मात्र तीत एक मूल निजलेले आणि फ्रान्सिस त्याला जागे करीत असलेला दिसला, असे तो लिहितो. पुढे घरोघरी आणि मंदिरामंदिरांत मांडल्या जाणाऱ्या गोठ्याच्या देखाव्यास ग्रेच्चोच्या ह्या रात्रीने मोठी चालना दिली. तीन वर्षांनी, इ. स. १२२६ मध्ये, फ्रान्सिस वारला.

फ्रान्सिसने जे डोळ्यांसाठी केले, ते सुमारे चार शतकांनी एका परदेशीयाने मराठी कानांसाठी केले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आला आणि इ. स. १६१९ मध्ये मरेपर्यंत त्या प्रदेशातच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या जुन्या पुराणांसारखे काही ऐकावयास हवे होते. त्यांच्यासाठी त्याने बायबलाची कथा सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत रचिली. ते ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे छापून निघाले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे जन्मापासूनचे चरित्र आले आहे. त्याच गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली होती आणि धर्मन्यायसभेचा धाक होता, हेही येथे विसरता येत नाही. उतारशाळेत जागा न मिळालेल्या बालकाचे नाव घेणाऱ्यांनी इतरांच्या देवांना जागा नाकारली, हा त्या इतिहासातील विसंवाद झाकण्याजोगा नाही. परंतु ओवी टिकली. वसईचा मुलूख इ. स. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होता, इ. स. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला. सत्ता गेली, तरी तेथील कॅथलिक कुटुंबे आपल्या बोलीसह आणि आपल्या नाताळसह तेथेच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना उपासनेत स्थान दिल्यावर त्यांच्या मंदिरांत मध्यरात्रीची मिस्साही मराठीत होऊ लागली.

शेवटी ज्या गावी ह्या कथेचा आरंभ झाला त्या बेथलेहेमाकडे वळावे. तेथील गुहेवर सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या काळात मंदिर उठले, आणि सहाव्या शतकात जस्टिनियन याच्या काळात ते नव्याने बांधले गेले. बरेचसे तेच आज उभे आहे. गुहेत जन्मस्थान म्हणून दाखविल्या जाणाऱ्या जागी चौदा टोकांची रुपेरी चांदणी बसविलेली आहे. ह्या एकाच मंदिराच्या आवारात नाताळ तीनदा होतो. कॅथलिक तो २५ डिसेंबरला करतात, जुने पंचांग पाळणारे ग्रीक ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला, आणि तेथील आर्मेनियन १९ जानेवारीला. तारीख हा श्रद्धेचा गाभा नव्हे, याला याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

इ. स. २०२३ च्या नाताळात, गाझात युद्ध पेटलेले असताना, बेथलेहेमच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांनी आणि नगरपालिकेने रोषणाई, मिरवणुका आणि मोठा नाताळवृक्ष हे सर्व रद्द केले. चौकात दिवे लागले नाहीत, यात्रेकरू फारसे आले नाहीत. मध्यरात्रीची मिस्सा मात्र झाली. त्या रात्री नाताळमधून जे जे वगळता येण्यासारखे होते ते वगळले गेले, आणि वगळता न येणारे तेवढे उरले : एक गरीब जोडपे, एक मूल, ज्याला जागा मिळाली नाही, आणि ते मूल देव आहे असे मानणारी मूठभर माणसे. ही श्रद्धा ज्याला पटते त्याच्यावर ती एक ओझे टाकते. जागा नाकारलेले प्रत्येक मूल त्याला आता त्या गव्हाणीवाचून पाहता येत नाही. आणि ते ओझे सणाच्या आठवड्यानंतर उतरून ठेवण्याची मुभा त्याला नाही.

बेथलेहेमच्या त्या मंदिराचे प्रवेशद्वार जेमतेम चार फूट उंचीचे आहे. पूर्वी ते मोठे होते. कोणी घोड्यावर बसून किंवा गाडी हाकीत आत शिरू नये म्हणून ते बुजवून लहान केले, असे सांगतात. कारण व्यवहाराचे होते, परंतु परिणाम असा झाला आहे, की राजा असो वा मेंढपाळ, मोठ्या माणसाला तेथे वाकल्यावाचून आत जाता येत नाही. लहान मुले तेवढी ताठ मानेने आत जातात.